इंजिन ओरडतंय, बोट हलेना!

बाइकचा क्लच घसरला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही. इनबोर्ड स्की-बोटीचंही तसंच. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, प्रोपेलर अशी साखळी; एक कडी सुटली की दोरी धरून बसलेला स्कीअर पाण्यातून उठतच नाही.

मला विचाराल तर इंजिन खोलण्याआधी दोन काटे बघा, आरपीएम आणि वेग. गिअर 1:1, प्रोपेलर एका फेऱ्यात 13 इंच सरकणारा, तर 3000 आरपीएमला गणिताने ताशी 59 किमी. पाण्यातली घसरण धरून थोडा कमी.

आरपीएम चढूनही वेग फारच कमी? गिअरबॉक्सचं तेल तपासा. कमी असेल किंवा जळका वास आला तर क्लचवर संशय. तेल ठीक असेल तर इंजिन बंद करून प्रोपेलरची पाती बघा. आरपीएमच चढत नसेल तर फ्यूल फिल्टर, इग्निशन, थ्रॉटल केबल.