वाऱ्यावर चालणारे यंत्र

युरोप खंडातील नेदरलँड्स हा अत्यंत सखल देश आहे. त्याची सुमारे एक-चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीहूनही खाली आहे. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या समुद्राला थोपवून धरतात. त्या खचल्या, तर शेते व घरे पाण्याखाली जातील.

अशाच एका किनाऱ्यावर १९४८ साली तेओ यान्सेन या कलावंताचा जन्म झाला. पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या यान्सेन यांनी १९९० मध्ये वृत्तपत्रातील लेखात एक अद्भुत कल्पना मांडली : वाऱ्याच्या बळावर किनाऱ्यावर हिंडणारी व वाळू उधळून टेकड्यांची उंची वाढवणारी यंत्रे निर्माण करावीत.

परंतु मऊ वाळूत चाक रुतते. म्हणून यंत्राला पाय हवे होते. पाऊल जमिनीवर असेतो सरळ रेषेत मागे सरकावे व नंतर चटकन उचलून पुढे यावे. तसे न झाल्यास धड वरखाली हिंदकळते आणि वाऱ्याची शक्ती वाया जाते. अशी चाल साधण्यासाठी पायातील नळ्यांची अकरा मापे ठरवायची होती. प्रत्येक मापासाठी केवळ दहा लांब्या विचारात घेतल्या, तरी दहा हजार कोटी जुळण्या होतात! त्या तपासण्यास माणसाचे आयुष्य कसे पुरावे?

यान्सेन यांनी संगणकाचे साहाय्य घेतले. संगणकाने वाटेल त्या मापांचे पंधराशे काल्पनिक पाय रचले. त्यांपैकी उत्तम चालीचे शंभर निवडले व त्यांच्या मापांची सरमिसळ करून पुन्हा पंधराशे नवे पाय सिद्ध केले. हा क्रम रात्रंदिवस चालला. पिढ्यांमागून पिढ्या सरल्या आणि अखेर हवी ती अकरा मापे हाती आली.

विजेच्या तारांसाठी घरात वापरतात, तशा प्लॅस्टिकच्या पिवळ्या नळ्यांतून ही यंत्रे उभी राहिली. वारा मावळला तरी चालता यावे, म्हणून काहींमध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्यांत दाबलेली हवा साठवली जाते. यान्सेन यांनी त्यांना ‘किनाऱ्यावरील प्राणी’ या अर्थाचे डच नाव दिले.

टेकड्या राखण्याचे मूळ कार्य या यंत्रांना अद्याप साधलेले नाही. तरीही यान्सेन यांनी वर्षानुवर्षे नवी यंत्रे किनाऱ्यावर नेऊन पारखली. अगणित मापे तपासण्याचे कष्ट संगणकाने घेतले. पण उत्तम चाल कोणती, हे त्याला माणसानेच सांगितले होते. आणि ती मापे खरी उतरतात की नाही, याचा निर्णय वारा व वाळू यांनी दिला.