न्यायाचे घरगुती शब्द

न्याय म्हटला की आपल्याला न्यायालय आठवते. परंतु सामान्य माणसाची न्यायबुद्धी कायद्याच्या पुस्तकात घडत नाही. ती पंगतीत, तराजूपाशी आणि मुलांच्या खेळात घडते. तेथेच तिने आपले शब्दही घडविले आहेत.

प्रथम रूढ शब्द पाहू. ‘न्याय’ संस्कृतातला. ‘रास्त’ फारसी, त्याचा मूळ अर्थ सरळ. ‘वाजवी’ अरबी ‘वाजिब’वरून आला. ‘इन्साफ’ आणि अर्धा या अर्थाचा ‘निस्फ’ यांचे अरबी मूळ एकच. ‘निवाडा’ मात्र अस्सल घरचा. सुपातले खडे निवडावेत तसे खऱ्यातून खोटे निवडणे, म्हणजे निवाडा. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी शेजारी शेजारी नांदतात. त्यांपैकी पहिल्या तिन्ही भाषांत ‘न्याय’ आहे आणि दखनीत ‘इन्साफ’. भांडण कोणत्याही भाषेत जुंपो, मागणे सर्वांना कळते.

पण न्यायापेक्षा अन्यायाला नावे ठेवण्यात बोली अधिक तरबेज आहे. वाढप्याने ओळखीच्याच्या पानावर तुपाची धार धरावी आणि शेजारच्या पानावर थेंब टाकावा, हा ‘पंक्तिप्रपंच’. आता कचेरीतल्या पक्षपातालाही आपण तेच नाव देतो. मात्र या शब्दाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. पंगतीत बसलेल्यांतला भेद त्याने टिपला. ज्यांना जातीमुळे पंगतीतच बसू दिले नाही, त्यांच्याविषयी तो मुका राहिला.

‘झुकते माप’ हे एरवी गिऱ्हाइकाला सुखावणारे. पण तेच एकाच्या वाट्याला आले की पक्षपात ठरते. उलट वजनात मारणे म्हणजे ‘काटा मारणे’. आमच्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्यांनी त्याचे ‘काटामारी’ असे सुटसुटीत नाम केले. वर्षभराच्या घामाचे मोल एका काट्यावर ठरते. तेव्हा हा शब्द म्हणजे चार अक्षरांतली फिर्यादच होय.

मुलांचा शब्दकोश याहून सूक्ष्म आहे. हरल्यावर नियम बदलू पाहणाऱ्याचा तो ‘रडीचा डाव’. पण लहानग्या भावंडाला खेळात घेऊन त्याच्यावर राज्य येऊ न देण्याची सवलत, म्हणजे ‘कच्चा लिंबू’. सर्वांना एकच नियम लावणे हाच प्रत्येक वेळी न्याय नव्हे, हे मुलांना कोणी शिकविलेले नसते.

कधी एखादा नवा शब्द न्यायालयाच्या निकालासमोरही उभा राहतो. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. परकीय सत्तेच्या दप्तरी ते गुन्हेगार होते. सोलापूरने त्यांना ‘हुतात्मे’ म्हटले. ‘हुतात्मा’ हा शब्द घडविण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. परंतु या चौघांना तो लावणे, हा या शहराने दिलेला निवाडा होता.

ज्याला नाव नाही त्या अन्यायाची तक्रार करणे कठीण. म्हणून असे शब्द गावंढळ समजून टाकू नयेत. सामान्य माणसाची फिर्याद प्रथम त्यांतच नोंदली जाते.