विरळ हवेंतील प्रवास

मुंबईच्या समुद्रकांठचें एखादें कुटुंब उत्तररात्रीं घर सोडतें, दिल्लीस विमान बदलतें आणि दुपारच्या जेवणाआधीं लेह शहरीं पोंचतें. पूर्वीं तेथें जाणारास श्रीनगरहून झोजी खिंड ओलांडून, पायीं वा तट्टावर बसून, सुमारें दोन आठवड्यांची वाट चालावी लागे. विमानानें ती वाट तासाभराची केली, ही सोय खरीच. परंतु त्या दोन आठवड्यांत प्रवाशाच्या शरीरांत जें कार्य नकळत उरकत असे, तें तासाभरांत उरकण्याची युक्ति शरीरास साधलेली नाहीं. लेहची उंची सुमारें ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट आहे. केदारनाथ सुमारें ३,५८० मीटर, तिबेटांतील ल्हासा ३,६५०, पेरू देशांतील कुस्को ३,४००. बोलिव्हियांतील ला पास शहराचा विमानतळ तर ४,००० मीटरांच्याही वर. अशा स्थळीं जाणारानें गरम कपड्यांबरोबर विरळ हवेचें थोडें ज्ञानही सोबत न्यावें, हें हिताचें.

उंचावर हवेंत प्राणवायु कमी असतो, असें सर्रास म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे एकवीस भाग, हें प्रमाण मुंबईस जें तेंच एव्हरेस्टच्या माथ्यावर. कमी होतो तो हवेचा दाब. पिंजलेल्या कापसाची मोठी रास घातली, तर तळचा कापूस वरच्या भारानें दडपून दाट होतो आणि माथ्याचा मोकळा राहतो. वातावरणाचेंही तसेंच आहे. इ. स. १६४८ मध्यें पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें पाऱ्याची नळी एका डोंगरावर नेली, तेव्हां माथ्यावर पारा सुमारें तीन इंच खालीं उतरलेला आढळला. समुद्रसपाटीच्या मानानें हवेचा दाब लेह येथें सुमारें दोन-तृतीयांश, ५,५०० मीटरांवर निम्मा आणि एव्हरेस्टवर एक-तृतीयांश भरतो. अर्थात् प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत शिरणारा प्राणवायुही त्याच मानानें घटतो.

या विकाराची ओळख जुनी आहे. चीनच्या हान राजवंशाच्या इतिहासांत प्रवाशांस पीडा देणाऱ्या ‘डोकेदुखीच्या पर्वतां’चा उल्लेख आढळतो. अकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकानें अँडीज पर्वत ओलांडतांना झालेल्या वांत्यांचें वर्णन १५९० सालीं प्रसिद्ध केलें आणि त्याचा दोष तेथील हवेच्या सूक्ष्मतेकडे दिला. परंतु विरळ हवेचें खरें कपट उघड झालें तें १५ एप्रिल १८७५ या दिवशीं. ‘झेनिथ’ नांवाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच संशोधक ८,००० मीटरांच्या वर गेले. प्राणवायु त्यांच्याजवळ होता. परंतु तो घेण्यापूर्वींच हात लुळे पडले आणि शुद्ध हरपली. दोघांचा अंत झाला. तिसांदिए हा तिसरा जगला. त्या वेळीं कसलेंच दुःख जाणवलें नाहीं, उलट आनंदच वाटत होता, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें. ज्या मेंदूनें संकट ओळखावयाचें, तोच आधीं मंद होतो. पुढें १८७८ सालीं पॉल बेर यानें, या साऱ्या पीडेचें मूळ प्राणवायूच्या घटलेल्या दाबांत आहे, हें प्रयोगांनीं सिद्ध केलें.

शरीर मात्र स्वस्थ बसत नाहीं. तें प्रथम श्वासाची गति वाढवितें. त्यामुळें प्राणवायु अधिक मिळतो, पण कार्बन वायु वाजवीपेक्षां जास्त बाहेर पडून रक्ताचा क्षारपणा वाढतो, आणि श्वासाला पुन्हा आळा बसतो. मूत्रपिंडें हा जादा क्षार हळूहळू बाहेर टाकतात, तेव्हां श्वास मोकळा होतो. या कामास कांहीं दिवस लागतात. रक्तांतील तांबड्या पेशी वाढावयास तर कांहीं आठवडे हवेत. घाईचा प्रवासी शरीराला हे दिवसच देत नाहीं.

त्यांतही एक फसगत आहे. विमानांतून उतरतांना प्रवाशास बहुधा कांहींच होत नाहीं. तो बाजार हिंडतो, मठाच्या पायऱ्या चढतो, आणि सहा ते बारा तासांनंतर, बहुधा रात्रीं, डोकें ठणकूं लागतें, मळमळतें, झोंप येत नाहीं. १९७६ सालीं नेपाळांत, एव्हरेस्टच्या वाटेवरील फेरिचे गांवीं, २७८ पदयात्रींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस हा विकार झालेला होता. तारुण्य व कसलेलें शरीर यांपासून अभय देत नाहींत. उलट बळाच्या भरंवशावर भरभर चढणारा तरुणच अनेकदां आधीं आडवा होतो.

साधी डोकेदुखी विश्रांतीनें एकदोन दिवसांत उतरते. भय आहे तें पुढच्या दोन अवस्थांचें. एकींत फुप्फुसांत पाणी सांठतें: बसल्या जागीं धाप, कोरडा खोकला, पुढें गुलाबी फेस. दुसरींत मेंदूस सूज येते: असंबद्ध बोलणें, ग्लानि, झोंकांड्या. टांचेला चवडा लावून सरळ रेषेंत चालावयास सांगावें. तोल गेला तर संशयास जागा उरत नाहीं. दोहोंवर खरा उपाय एकच, ताबडतोब खालीं उतरणें. सकाळची वाट पाहण्यांत प्राण गेल्याचीं उदाहरणें आहेत.

१९६२ च्या युद्धांत सपाटीवरचे भारतीय सैनिक तांतडीनें हिमालयांत न्यावे लागले आणि हा विकार मोठ्या संख्येनें दिसला. १,९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. लष्करांत नऊ ते बारा हजार फुटांवर नव्यानें गेलेल्या जवानास सहा दिवस सरावाचे दिले जातात. पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. सहलीच्या कुटुंबानें निदान हे दोन दिवस तरी पाळावे. ३,००० मीटरांच्या वर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षां ५०० मीटरांहून अधिक उंच नसावा, आणि दर तीनचार दिवसांनीं एक दिवस चढ थांबवावा. दिवसां उंच जाऊन रात्रीं खालीं निजणें उत्तम. पेरूंतील जाणते प्रवासी कुस्कोला उतरल्यावर आधीं खालच्या उरुबांबा खोऱ्यांत मुक्काम करतात. माचू पिच्चू तर कुस्कोहून जवळजवळ हजार मीटरांनीं खालींच आहे. आफ्रिकेंतील किलिमांजारोचे वाटाडे प्रत्येक चढणीवर ‘पोले पोले’, म्हणजे ‘हळू हळू’, असें बजावीत असतात.

उपायांविषयीं गैरसमजही पुष्कळ. आपल्याकडील यात्रेकरू कापराची पुरचुंडी हुंगतात. तिच्या वासानें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें, परंतु हवेंतील प्राणवायु तिनें वाढत नाहीं. मद्य व झोंपेच्या गोळ्या श्वास मंदावतात, म्हणून त्या वर्ज्य. असेटाझोलामाइड हें औषध मूत्रपिंडांचें वरील कार्य लवकर घडवून आणतें. परंतु तें वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनीं निघण्यापूर्वींच प्रकृति दाखवून घ्यावी.

सर्वांत अवघड नियम मनाशीं संबंधित आहे. पैसे भरलेले, रजा मोजकी, मंदिराचा कळस समोर दिसत असलेला. अशा वेळीं घरांतील वडीलधारें माणूस आपल्यामुळें सर्वांचा विरस नको म्हणून डोकेदुखी लपवितें, आणि तरुण मुलगा अभिमानापायीं धाप लपवितो. म्हणून प्रत्येक संध्याकाळीं एकमेकांची विचारपूस करावी, आणि कोणा एकासही उतरावें लागलें तर सोबत जाण्याचें घरूनच ठरवून निघावें. राहिलेलें दर्शन पुढच्या वर्षीं घेतां येतें.