परदेशातील घरगुती मैलावाहिन्या आणि टॉयलेट पेपर : काय वाहून जाते, काय तुंबते

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींना आपण व्हिसा, विमा, फी आणि थंडीचे कपडे यांविषयी बरेच काही सांगतो. शौचालयाविषयी मात्र कोणी बोलत नाही. विषय संकोचाचा असल्याने ज्याचे त्याला समजेल, असे आपण धरून चालतो. मग एखादा विद्यार्थी लंडनमधील भाड्याच्या घरात वापरलेला कागद पिशवीत साठवतो आणि बरोबर राहणाऱ्यांची नाराजी ओढवून घेतो. दुसरा अथेन्समधील जुन्या इमारतीत तोच कागद शौचकूपात टाकून पाणी सोडतो आणि मैलापाणी वर येते. दोघेही स्वच्छतेची काळजी घेणारेच असतात. त्यांना कमी पडते ती माहिती.

घरातील शौचकूपात टॉयलेट पेपर टाकून पाणी सोडणे केव्हा सुरक्षित असते आणि केव्हा नसते, याची कारणे प्रस्तुत लेखात पाहावयाची आहेत. 'परदेशात कागद चालतो' हे विधान जितके अपुरे आहे, तितकेच 'कागद कधीही टाकू नये' हेही अपुरे आहे. याचे उत्तर चार गोष्टींवर अवलंबून असते : कागदाचे तंतू, नळाचा व्यास व ढाळ, एका वेळी सुटणारे पाणी आणि मैला शेवटी जेथे पोहोचतो ती जागा.

कागदाकागदांतील फरक

टॉयलेट पेपर, नाक पुसण्याचा टिश्यू आणि स्वयंपाकघरातील पेपर टॉवेल हे तिन्ही कागद लाकडाच्या लगद्यापासून तयार होतात. या लगद्यातील तंतू आखूड असतात. रुंद पानांच्या झाडांचे तंतू सुमारे १ मिलिमीटर, तर पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे सुमारे ३ मिलिमीटर लांब असतात. कागद वाळताना शेजारशेजारचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. पाणी आत शिरले की हे बंध सैल होतात आणि थोडीशी घुसळण होताच तंतू सुटे होतात. टॉयलेट पेपर 'विरघळतो' असे आपण म्हणतो, पण तो मिठासारखा विरघळत नाही. त्याचा पुन्हा लगदा होतो आणि तो लगदा पाण्याबरोबर वाहून जातो.

टिश्यू आणि पेपर टॉवेल ओले झाले तरी फाटू नयेत, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. म्हणून त्यांत सहसा राळेसारखे रसायन मिसळतात. हे रसायन तंतूंना पाण्यातही एकत्र धरून ठेवते. म्हणजे जो गुण टेबलावर उपयोगी पडतो, तोच मैलावाहिनीत नडतो. जपानने हा फरक मानकातच बसवला आहे. तेथील टॉयलेट पेपरच्या औद्योगिक मानकानुसार (जेआयएस पी ४५०१) कागदाचा चौकोनी तुकडा ३०० मिलिलिटर पाण्यात ढवळला असता तो १०० सेकंदांच्या आत सुटा व्हावा लागतो.

ओल्या वाइपची गोष्ट याहून वेगळी आहे. पाकिटात महिनोन्महिने ओले राहूनही ते टिकावेत, अशा रीतीनेच ते तयार केलेले असतात. त्यांत पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा व्हिस्कोजचे लांब तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. हे तंतू घरगुती नळाच्या प्रवासात सुटत नाहीत. पाकिटावर 'फ्लश करता येईल' असे छापलेले असले, तरी त्यावर विसंबून राहू नये. ब्रिटनमधील पाणीपुरवठा कंपन्यांच्या संघटनेने चाचणीत उतरलेल्या वाइपसाठी जानेवारी २०१९ मध्ये 'फाइन टू फ्लश' हे मानचिन्ह सुरू केले होते. ग्राहकांचा गोंधळ टाळावा म्हणून २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. आता तेथील सल्ला सरळ आहे : वाइप कोणताही असो, तो कचऱ्याच्या डब्यात टाकावा. शौचकूपात मूत्र, मल आणि टॉयलेट पेपर या तीनच गोष्टी जाव्यात.

भांड्यापासून रस्त्यापर्यंत

ब्रिटन व युरोपातील बहुतेक शौचकूपे पाण्याच्या धक्क्याने मैला ढकलतात. त्यांच्या भांड्याखालचे वळण रुंद असते. अमेरिकेतील बहुसंख्य शौचकूपे सायफनच्या तत्त्वावर चालतात. भांड्यातील पाणी वळणात भरले की ओढ निर्माण होते आणि सगळे एकदम खेचले जाते. ही ओढ टिकावी म्हणून ते वळण तुलनेने अरुंद, साधारण २ इंचांचे असते. त्यामुळे जास्त कागद एकदम टाकल्यास अमेरिकन शौचकूप भांड्यातच तुंबण्याचा संभव अधिक असतो. तेथील घरोघरी न्हाणीघरात रबरी प्लंजर ठेवलेला दिसतो, तो याचमुळे.

पाण्याचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्यानुसार १९९४ पासून नव्या घरगुती शौचकूपांना एका वेळी १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली. त्याआधी साडेतीन गॅलनची, म्हणजे सुमारे १३ लिटरची शौचकूपे प्रचलित होती. सुरुवातीच्या काही नमुन्यांत पाणी कमी केले गेले, पण भांड्याची रचना त्याला साजेशी बदलली गेली नाही. त्यामुळे तुंबण्याच्या तक्रारी वाढल्या. पुढे २००३ मध्ये कॅनडा व अमेरिकेत 'मॅप' नावाची चाचणी सुरू झाली. तिच्यात सोयाबीनच्या घट्ट लगद्याच्या कांड्या आणि टॉयलेट पेपर एकत्र टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम निघून जाते ते मोजतात. अमेरिकेच्या 'वॉटरसेन्स' या पाणीबचतीच्या मानचिन्हासाठी शौचकूपाने किमान ३५० ग्रॅम वाहून न्यावे लागते. थोडक्यात, चांगल्या रचनेच्या शौचकूपात ६ लिटर पाणी पुरते.

भांड्यातून निघालेला कागद एका दमात रस्त्याखालच्या गटारापर्यंत पोहोचतो असे नाही. घरातील आडव्या नळात तो काही मीटर जातो, थांबतो आणि पुढच्या फ्लशबरोबर पुन्हा सरकतो. म्हणून नळाला योग्य ढाळ असावा लागतो. अमेरिकन प्लंबर फुटाला पाव इंच असा ठोकताळा धरतात. ब्रिटनमध्ये शौचकूपाचा नळ साधारणपणे १०० मिलिमीटर व्यासाचा असतो. व्यास कमी, वळणे जास्त किंवा ढाळ अपुरा असेल, तर थांबलेल्या कागदावर पुढचा कागद बसतो आणि अडथळा वाढत जातो.

देशोदेशीच्या रीती व त्यांमागील कारणे

ग्रीस, तुर्कस्तान आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत शौचकूपाशेजारी झाकणाचा डबा असतो आणि वापरलेला कागद त्यात टाकण्याची सूचना भिंतीवर लावलेली असते. जुन्या इमारतींतील अरुंद नळ, पाण्याचा कमी दाब आणि बेटांवर किंवा गावांत असलेल्या मैलाटाक्या ही त्यामागील कारणे आहेत. पाहुण्याला ही रीत विचित्र वाटली, तरी त्या नळांच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे.

नळ व कागद बदलले, तरी रीत मागे रेंगाळू शकते. दक्षिण कोरियात याचे चांगले उदाहरण सापडते. तेथे वापरलेला कागद डब्यात टाकण्याची सवय सार्वजनिक शौचालयांत अनेक वर्षे चालू राहिली. अखेरीस १ जानेवारी २०१८ पासून सार्वजनिक शौचालयांच्या खोल्यांतील कागदाचे डबे काढून टाकण्याचा नियम लागू झाला. स्त्रियांच्या शौचालयांत सॅनिटरी पॅडसाठी मात्र वेगळा डबा ठेवण्यात आला. प्रवासाच्या जुन्या पुस्तकातील सल्ला आज लागू असेलच असे नाही, हे यावरून लक्षात यावे.

मैला शेवटी कोठे जातो, हेही पाहावे लागते. अमेरिकेत सुमारे पाचांपैकी एक घर सार्वजनिक गटाराऐवजी सेप्टिक टँकवर अवलंबून आहे. टाकीत कागदाचे सेल्युलोज जिवाणू खातात, पण अगदी सावकाश. न कुजलेला भाग तळाशी साचतो. अशा घरात साधा, पातळ टॉयलेट पेपर माफक प्रमाणात चालतो. जाड, बहुपदरी कागद भरमसाट वापरला, तर टाकी लवकर उपसावी लागते.

आणखी एक रचना विद्यार्थ्यांना भेटण्याचा संभव असतो. ब्रिटन व फ्रान्समध्ये तळघरातील किंवा माळ्यावरील खोलीत नंतर बसवलेल्या शौचालयामागे कधीकधी विजेवर चालणारा पंप असतो. त्याला मॅसरेटर म्हणतात. तो मैला व कागद बारीक करून अवघ्या २२ ते ३२ मिलिमीटरच्या नळातून ढकलतो. टॉयलेट पेपर त्याला चालतो. टिश्यू, वाइप, कापूस किंवा पॅड गेले, तर त्याची पाती अडकतात आणि दुरुस्तीचा खर्च भाडेकरूच्या अनामत रकमेतून वळता होऊ शकतो.

पाण्याची सवय आणि ओल्या वाइपचा मोह

आपल्याकडील विद्यार्थी, मुस्लिम असो वा अन्य कोणी, पाण्याने स्वच्छ होण्याच्या सवयीत वाढलेला असतो. मुस्लिम घरात इस्तिंजा हा तहारतचा, म्हणजे नमाजपूर्व शुद्धतेचा भाग असल्याने हा प्रश्न अधिक नाजूक होतो. फकीहांनी पाण्याला प्राधान्य दिले असले, तरी दगड व त्याच्यासारख्या शोषून घेणाऱ्या स्वच्छ वस्तूंनाही मान्यता दिली आहे. तुर्कस्तानच्या धार्मिक व्यवहार विभागाने २०१५ मध्ये टॉयलेट पेपर वापरण्यास हरकत नाही, मात्र पाणी अधिक योग्य, असा खुलासा केला होता. धार्मिक अडचण फार मोठी नाही. पण नुसत्या कागदाने मनाचे समाधान होत नाही आणि न्हाणीघरात तोटी हाताशी नसते. तेव्हा ओला वाइप हा सोपा मार्ग वाटतो. वापरून झाल्यावर तो शौचकूपात टाकला जातो आणि अडचणीची सुरुवात तेथूनच होते.

त्याचे टोक लंडनने पाहिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हाइटचॅपल भागातील गटारात सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. स्वयंपाकातील थिजलेली चरबी आणि वाइप यांचा तो दगडासारखा थर होता. तो फोडून काढण्यास कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात प्रदर्शनात ठेवण्यात आला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने अमेरिकेतील दुकानांतून टॉयलेट पेपर नाहीसा झाला, तेव्हा लोकांनी वाइप व पेपर टॉवेल वापरून शौचकूपात टाकू नयेत, असे तेथील सरकारी यंत्रणांना जाहीरपणे सांगावे लागले.

यावरचा साधा उपाय आपल्या सवयीतच आहे. लोटा किंवा पाण्याची बाटली जवळ ठेवावी, पाण्याने स्वच्छ व्हावे आणि कोरडे होण्यापुरते दोनचार चौकोन कागद वापरावेत. कागद कमी लागतो, नळावरचा भार हलका होतो आणि वाइपची गरजच राहत नाही. आखाती देशांत व सौदी अरेबियात शौचकूपाशेजारी पाण्याची नळी, म्हणजे शत्ताफ, असतेच. तेथे कागद पुसण्यापुरता लागतो. बाजूला त्यासाठी डबा ठेवला असेल, तर तो डब्यातच टाकावा. इटलीत तर १९७५ च्या सरकारी आदेशाने घरातील किमान एका न्हाणीघरात बिडे बसवणे आवश्यक केले आहे. ब्रिटनमध्ये मात्र हौसेने जेट स्प्रे आणून तो थेट नळाला जोडू नये. शौचकूपाशेजारील फवाऱ्यातून दूषित पाणी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत उलटे शिरू नये, यासाठी तेथे कडक नियम आहेत. घरमालकाची परवानगी व जाणकार प्लंबर यांशिवाय हे काम करू नये. लोट्याला असा कोणताच नियम आड येत नाही.

वर्गात करता येण्याजोगा प्रयोग

चार पारदर्शक बाटल्यांत प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घ्यावे. पहिल्या बाटलीत टॉयलेट पेपरचे दोन चौकोन, दुसरीत टिश्यू, तिसरीत वर्तमानपत्राचा तुकडा आणि चौथीत ओला वाइप टाकावा. झाकण लावून प्रत्येक बाटली एक मिनिट हलवावी आणि पाणी मोठ्या भोकांच्या चाळणीतून ओतावे. चाळणीत काय उरले ते विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे. दुसऱ्या दिवशी वाइप पुन्हा हलवून पाहावा. आपल्या बाजारातील सर्व रोल एकसारखे नसतात, म्हणून दोन प्रकारचे रोल घेतल्यास तुलना अधिक बोलकी होते. रसायनशास्त्राच्या तासाला हायड्रोजन बंध, भौतिकशास्त्राच्या तासाला सायफन व ढाळ, आणि परदेशी निघालेल्यांच्या मार्गदर्शन वर्गात सामाजिक जबाबदारी, असे तिन्ही धडे या एका प्रयोगातून देता येतात.

समारोप

नव्या घरात उतरल्यावर विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी घरमालकाला तीन प्रश्न विचारावेत. कागद शौचकूपात टाकायचा की डब्यात? मैला गटारात जातो की टाकीत? शौचकूपामागे पंप आहे का? भिंतीवर सूचना असेल, तर ती पाळावी. सूचना नसेल आणि देश ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, जर्मनी किंवा जपान असेल, तर टॉयलेट पेपर थोडा थोडा टाकण्यास सहसा हरकत नसते. बाकी सर्व वस्तू डब्यात टाकाव्यात.

लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणि विसाव्याच्या सावलीत घाण करू नये, ही शिकवण आपल्याकडे मुलांना लहानपणीच मिळते. इमारतीची सामाईक मैलावाहिनी हीदेखील अशीच सर्वांची वाट आहे, एवढे आपण शिक्षकांनी संकोच बाजूला ठेवून सांगितले, तर विद्यार्थ्यांची पुष्कळशी अडचण निघण्यापूर्वीच दूर होईल.