वाट पाहण्यातली मशागत

जूनचा पाऊस लांबला तरी रनाळे गावच्या शिवारातला शेतकरी रिकामा बसलेला नसतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास त्याने धसकटं वेचलेली असतात, वखराच्या पाळ्या घातलेल्या असतात. ख्रिस्ती शिकवणुकीत देवाची वाट पाहणं याच्या जवळचं आहे. मात्र इथे मशागत देव करतो आणि रान म्हणजे माणूस. नोकरी, लग्न, मूल यांसाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करणाऱ्यांना मंडळीत हमखास सांगितलं जातं, ‘देव तुझी तयारी करतोय.’ या बोलण्याला आधार आहे, असं मला मनापासून वाटतं. पवित्र शास्त्रातला योसेफ सतरा वर्षांचा असताना मिसरात विकला गेला आणि तिसाव्या वर्षी तिथल्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला. मधल्या काळात त्याने आधी धन्याच्या घराचा आणि मग तुरुंगाचा कारभार सांभाळला. पुढे देशभरचं धान्य साठवायची वेळ आली, तेव्हा हाच अनुभव त्याच्या गाठीशी होता.

आपल्याकडचं ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1858 साली जन्मलेल्या रमाबाई आईवडिलांसोबत तीर्थयात्रेत वाढल्या, संस्कृत शिकल्या. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. 1882मध्ये पतीचं निधन झालं आणि पदरी तान्ही मुलगी मनोरमा उरली. 1883मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी पूर्ण समाधान त्यांना त्यानंतर कित्येक वर्षांनी लाभलं. तोवरच्या भटकंतीतून पुढे काय उभं राहणार, हे कोणालाही दिसत नव्हतं. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि भूक काय असते हे जाणणाऱ्या रमाबाई तिथल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. लहानपणीच्या भाषाभ्यासाला उतारवयात हिब्रू आणि ग्रीकची जोड देऊन त्यांनी बायबल मराठीत आणलं. ते छापण्याचं काम त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्या, मुक्तिसदनातल्या, स्त्रियांनीच केलं.

यावर एक आक्षेप अगदी रास्त आहे: मागे वळून पाहिलं की कुठल्याही घटनांची माळ ओवता येते. शिवाय रमाबाईंची तयारी व्हावी म्हणून देवाने त्यांच्या आईवडिलांना उपाशी मारलं, असं म्हणायचं का? मुळीच नाही. असं म्हणणं क्रूर आहे, आणि शोक करणाऱ्या घरात तर ते उच्चारूही नये. दुःख देवाने मुद्दाम पाठवलं असा विश्वासाचा दावा नसतो. ते देवाच्या हाती वाया जात नाही, एवढंच विश्वासाचं म्हणणं असतं. ही गोष्ट गणितासारखी सिद्ध करता येणार नाही. पण जिवंत माणसावर आपण भरवसा टाकतो तोही सगळे पुरावे हाती येण्याआधीच.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘थांब, देवाची वेळ येईल’ असं सांगून अन्याय सोसणाऱ्यांना गप्प बसवलं जातं. मजुरी बुडालेल्या मजुराला किंवा मार खाणाऱ्या बाईला हा उपदेश करणारा देवाच्या नावाचा गैरवापर करतो. रमाबाई विधवांचं दुःख पाहून थांबल्या नाहीत. 1889मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. जे आपल्या हातात आहे ते आज करायचं आणि जे नाही ते देवावर सोपवायचं, ही सीमारेषा प्रत्येक विश्वासी माणसाला प्रार्थनेत आणि चार शहाण्यांच्या सल्ल्याने स्वतःच आखावी लागते. आणि मागितलेलं डोळ्यांदेखत मिळेलच, असंही नाही. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या; त्यांचं संपूर्ण बायबल 1924 साली वाचकांच्या हाती आलं.