कादंबरीला सूट, आत्मकथनाची उलटतपासणी

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात ‘बलुतं’चा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, हे सगळं खरंच घडलं का?’ ‘स्वामी’विषयी हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ही सवय आपल्या समीक्षेने लावली आहे. ऐतिहासिक कादंबरीपुढे ती हात जोडते आणि आत्मकथनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

नव्या पुस्तकांची परीक्षणे लिहिणाऱ्या मित्रांनी हा क्रम उलटा करावा, असे मला वाटते.

ऐतिहासिक कादंबरी कागदपत्रांचा आधार सांगते. तेव्हा तिला पहिला प्रश्न विचारावा, कागदपत्रे कोणाची? रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली. माधवराव पेशव्यांची कर्तबगारी आणि १७७२ साली थेऊरला रमाबाईंचे सती जाणे वाचून वाचक हेलावतो. पण पेशवाईची दुसरीही एक आठवण छापील स्वरूपात उपलब्ध होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. बाजीरावाच्या राज्यात अस्पृश्यांचे जे हाल झाले ते त्यात आहेत. कादंबरीकाराने हा निबंध वापरलाच पाहिजे, अशी सक्ती करता येणार नाही. बाजीराव आणि माधवराव यांचा काळही एक नव्हे. परंतु पेशवाईवर लिहिलेल्या कोणत्याही कादंबरीत वाड्याबाहेरचा माणूस कुठे उभा आहे, हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे.

आत्मकथनाला मात्र आपण कलेचा प्रश्न विचारतच नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे आहेत. शिकून पुढे गेलेला आणि मागे राहिलेला. हा विचारपूर्वक घेतलेला वाङ्मयीन निर्णय आहे. नुसती ‘दाहक वेदना’ असे लिहून थांबणारा परीक्षक लेखकाला दुसऱ्यांदा वेशीबाहेर ठेवतो.

आणि आपल्याच पुस्तकांतील मौनही वाचावे लागेल. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिले. समाजातील बायकांच्या वाट्याला आलेली मारहाण त्यात निर्भीडपणे येते. स्वतःला नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीबद्दल त्या बोलल्या, ते २००८ च्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. हे मौन म्हणजे खोटेपणा नव्हे. बाई आपली गोष्ट समाजाच्या गोष्टीत का मिसळते, हे समजून घेण्याची ती वाट आहे. आपले पुस्तक म्हणून हा प्रश्न टाळला, तर आपण वाड्यावरच्या समीक्षकांसारखेच वागलो, असे होईल.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. आजोबांची कागदावरची खूण म्हणाल तर सावकाराच्या वहीतला अंगठा, एवढीच. कागद हाच इतिहास मानला तर माझे आजोबा केवळ कर्जापुरते जगले. ते कसे हसत, कशाला भीत, रात्री कोणत्या गोष्टी सांगत, हे आजीच्या तोंडून ऐकलेले माझ्याजवळ आहे. ते मला लिहायचे आहे. लिहीन तेव्हा परीक्षकाने पुरावा जरूर मागावा. मात्र तो वाड्याकडेही मागितलेला असावा.