चांदूरची वाट आणि मॅट्रिकचा उंबरठा

भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून पुरा झाला, तो मुख्यतः येथील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचावा म्हणून. परंतु बडनेऱ्याच्या पुढे या मार्गावर जे चांदूर लागते, आणि अमरावती जिल्ह्यातल्याच चांदूर बाजारापासून वेगळे ओळखता यावे म्हणून ज्याला लोक ‘चांदूर रेल्वे’ म्हणू लागले, त्या गावाला स्टेशनामुळे व तालुक्याच्या कचेरीमुळे आणखी एक महत्त्व प्राप्त झाले. आसपासच्या खेड्यांत ज्या मुलांची शाळा दोन-तीन इयत्तांतच आटोपत असे, त्यांच्या विद्येची पुढची पायरी चांदूरला होती.

पापळ हे असेच एक खेडे. आज ते नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मोडते. तेथील शामराव व राधाबाई देशमुख यांच्या घरी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेल्या पंजाबरावांना गावच्या शाळेतले वर्ग संपताच चांदूर रेल्वेला यावे लागले, पुढे कारंजा लाडला जावे लागले, आणि अखेरीस अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. एका परीक्षेसाठी चार गावांचे पाणी प्यावे लागले, ते देशमुखी वतनाच्या घरातील मुलाला. मग ज्याच्या बापाजवळ पाच-सात एकर कोरडवाहू रान आणि सावकाराचा कागद एवढीच मिळकत होती, त्या कास्तकाराच्या मुलाने ही वाट कशी चालावी? पंजाबरावांनी पुढे स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना इमारतींपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. मला मात्र तो या प्रश्नापासूनच सुरू होतो असे वाटते.

मॅट्रिक ही त्या काळी केवळ शाळेची अखेरची परीक्षा नव्हती, ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. मराठी चार इयत्ता झाल्यावर मुलगा इंग्रजी वर्गात बसे आणि वरच्या इयत्तांत बीजगणित, भूमिती, इतिहास हे सारे विषयही इंग्रजीतूनच शिके, म्हणजे विषयाशी झुंजण्यापूर्वी त्याला भाषेशी झुंजावे लागे; ज्याच्या घरात इंग्रजी तर दूरच, छापील मराठीही क्वचित येत असे, त्याची दमछाक पहिल्याच वर्षी होई. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने हायस्कुलांत देशी भाषांचे माध्यम स्वीकारले, १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. कॉलेज जवळ आले, पण त्याच्या दरवाजापर्यंत जाणारी खेड्यातली वाट जशीच्या तशी राहिली.

पंजाबराव तोवर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून विलायतेस गेले होते. एडिंबरो येथे संस्कृताचे अध्ययन, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावरील प्रबंध, शिवाय बॅरिस्टरी, एवढे पदरी घेऊन ते १९२६ मध्ये अमरावतीस परतले. आणि वकिलीची गादी मांडता मांडता त्यांनी १९२७ मध्ये श्रद्धानंद छात्रालय उघडले. आदल्याच डिसेंबरात ज्यांची हत्या झाली होती, त्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव वसतिगृहाला देण्यात आणि त्याचे दार सर्व जातींच्या मुलांना मोकळे ठेवण्यात जो निर्धार होता, तोच पुढच्या वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या त्यातही दिसतो.

संस्था १९३२ ची. छात्रालय तिच्या पाच वर्षे आधीचे. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांचा जो पाया घातला, आणि साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये जे बोर्डिंग काढले, त्यांच्यामागेही हीच जाण होती. वर्गातले पाच तास कोणतीही शाळा देऊ शकते. उरलेल्या एकोणीस तासांचे काय, हा खरा प्रश्न आहे. कापसाच्या वेचणीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि थंडीभर चालतो, आणि नेमके हेच दिवस अभ्यास पक्का करण्याचे असतात. मूल घरी असले की त्याची पावले रानाकडे वळणारच, कारण मजुरीला पैसा नाही. बोर्डिंगात आलेल्या मुलाला पहिली गोष्ट मिळे ती पुस्तक नव्हे, तर या कामातून सुटका. मग दिवा, वेळेवर भाकरी, आणि शेजारी बसून तोच धडा घोकणारा दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या गावचा सोबती. ज्याने आयुष्यात प्रथमच परजातीच्या मुलाशेजारी पंगतीला बसून जेवण केले, त्याच्या त्या घासाची नोंद गुणपत्रिकेत होत नाही, पण शिक्षणाच्या हिशेबात ती मी वरच्या रकमेत धरीन.

त्यानंतरचा विस्तार मोठा आहे. १९४६ मध्ये अमरावतीस शिवाजी महाविद्यालय झाले, पुढे अकोल्यास झाले; शेती, विज्ञान, विधी आणि कालांतराने वैद्यक या शाखा आल्या; केंद्रात कृषिमंत्री असताना १९६१ मध्ये पंजाबरावांनी दिल्लीतही शिवाजी कॉलेज उभे केले. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले, तेव्हा वऱ्हाडातील कास्तकाराच्या मुलाला शाळेपासून पदवीपर्यंत एकाच संस्थेत शिकता येण्याजोगी व्यवस्था तयार झालेली होती.

दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला आणि मॅट्रिकची जागा बारावीने घेतली. कनिष्ठ महाविद्यालय हा कॉलेजचा नवा उंबरठा ठरला. याच टप्प्यावर मला चिंता वाटते. वैद्यकाच्या व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांमुळे अकरावी-बारावीचा अभ्यास खाजगी शिकवणीवर्गांकडे सरकला, आणि ज्या मुलांसाठी छात्रालय निघाले होते, ती पुन्हा अमरावतीत भाड्याच्या खोल्या शोधू लागली. शुल्काची माफी असते, शिष्यवृत्तीची तरतूद असते. परंतु खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण यांची सोय त्यांत पुरेशी बसत नाही, आणि विद्यार्थी बहुधा तेथेच मागे फिरतो.

अजूनही सकाळच्या एसटीने खेड्यांतून डबे येतात. फडक्यात घट्ट बांधलेले, झाकणावर नाव लिहिलेले, वाहकाच्या हवाली केलेले ते डबे उतरवून घेण्यासाठी पोरे सकाळच्या तासापूर्वी बसस्थानकावर उभी असतात.